प्रयोगशाळांच्या इमारतींना पानाचा, शंखाचा आकार द्यावा का?

नव्या विज्ञान-तंत्रज्ञान संस्थेचं आवार निसर्गातून प्रेरणा घेऊन बांधायचं तर इमारती पान, शंख, मधाचं पोळं अशा आकारांच्या कराव्यात का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते आकाराच्या मागे लागू नका. निसर्गात कामं कशी चालतात, ते बघा.

यातलं मला सगळ्यात जास्त शिकवून गेलेलं उदाहरण म्हणजे अमेरिकेत रसीन इथला जॉन्सन वॅक्स कंपनीचा संशोधन मनोरा. वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांनी तो झाडासारखा रचला आणि १९५० मध्ये तो वापरात आला. मधोमध काँक्रीटचं खोड, त्याचं मूळ खोल जमिनीत, आणि प्रत्येक मजला फांदीसारखा त्या खोडातूनच बाहेर आलेला. कडेला आधाराचा एकही खांब नाही. लिफ्ट, जिना, हवा-पाण्याचे मार्ग, सगळं खोडातूनच वर जातं. म्हणजे हे झाडपण नुसतं दिसण्यापुरतं नाही, सगळा भार खरोखरच तसा पेलला आहे. पण खोड सडपातळ ठेवलं म्हणून जिना एकच, तोही अरुंद, आणि आग लागल्यावर छतातून पाणी फवारणारे स्प्रिंकलर नाहीत. आग लागली तर माणसं उतरणार कशी? १९८२ मध्ये तो बंद करावा लागला. इतकी देखणी इमारत, आणि जिच्यासाठी बांधली ते कामच तिथे थांबलं, याचं मला फार वाईट वाटतं.

याउलट वास्तुरचनाकार लुई कान यांची कॅलिफोर्नियातली सॉल्क इन्स्टिट्यूट ही जीवशास्त्राची संशोधनसंस्था (१९६५). पानं-फुलं काही नाहीत, सरळ रेषांचं काँक्रीट. पण प्रयोगशाळेच्या प्रत्येक मजल्याच्या वर माणूस उभा राहील एवढा आणखी एक मजला, केवळ नळ, वायू, वीज आणि हवेच्या मार्गांसाठी. खाली संशोधन चालू असताना वर दुरुस्ती करता येते. प्रयोगशाळेत मध्ये खांब नाहीत, त्यामुळे मांडणी हवी तशी बदलता येते. गरजेप्रमाणे बदलत राहणं हा सजीवाचा गुण तिच्यात आहे, म्हणून मला ती निसर्गाच्या जास्त जवळची वाटते.

झिंबाब्वेतल्या हरारेचं ईस्टगेट सेंटर हे दुकानं-कार्यालयांचं संकुल (१९९६, वास्तुरचनाकार मिक पिअर्स) वारुळावरून सुचलेलं. रात्रीची गार हवा आत खेळवून काँक्रीट थंड करायचं आणि दिवसभर तो गारवा वापरायचा. वर्गखोल्या, ग्रंथालय, कार्यालयं यांना हे जरूर करा. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत मात्र फ्यूम हूड (घातक वाफा शोषून घेणारं कपाट) सतत हवा बाहेर ओढत असतो, तिथे यंत्राशिवाय भागत नाही.

वळणदार भिंती सभागृहाला, जिन्यांना, व्हरांड्यांना शोभतात. प्रयोगशाळेतली टेबलं, फ्रीज, कपाटं सरळ कडांची असतात आणि गोल भिंतीला लावली की मागे जागा फुकट जाते. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसारखी कंपनं न सोसणारी उपकरणं तळमजल्यावर, लिफ्ट आणि रस्त्यापासून लांब ठेवा.

आणि इमारतींची चित्रं बघण्याआधी आर्किटेक्टकडून जागेच्या उतारांचा नकाशा मागून घ्या. पावसाचं पाणी कुठून येतं, कुठे साठतं, कुठली मोठी झाडं जागेवरच राहतील, हे त्यावर आधी आखून घ्या. एखादा रस्ता ओढ्याला आडवा जात असेल, तर तो तेव्हाच सहज हलवता येतो.