डॉक्टरांना काय वाटेल?

बाळ अंगावर नीट पीत नाही, वजन वाढत नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं मनाला पुरतं पटत नाही. तरी दुसऱ्या डॉक्टरांकडे जायला पाय उचलत नाही. "पहिल्या डॉक्टरांना काय वाटेल?" स्तनपान समुपदेशनासाठी येणाऱ्या कितीतरी बाळंतिणी या एकाच धास्तीत अडकलेल्या असतात.

अशीच एक आई सासूबाईंसोबत आली होती (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत). बाळ सहा आठवड्यांचं. जन्माचं वजन 2 किलो 900 ग्रॅम, आताचं 3 किलो 200. सुरुवातीला बाळाचं वजन थोडं उतरतं, साधारण दोन आठवड्यांत भरून निघतं आणि पुढे पहिले तीन महिने रोज 20 ते 30 ग्रॅम वाढतं. त्या हिशोबाने हे बाळ मागे होतं. "दूध पुरत नाही, वरचं सुरू करा," असं त्यांच्या डॉक्टरांनी सांगितलेलं. हे डॉक्टर बाळाच्या बाबांनाही लहानपणापासून तपासत आलेले!

मी आधी तिला पाजायला सांगितलं. बाळ चार-पाच घोट घ्यायचं, सुटायचं, पुन्हा धरायचं, आणि पिताना टक् टक् आवाज यायचा. थोड्याच वेळात दमून झोपलं. स्तनाग्राला चीर पडलेली, आणि ते लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं चेपलेलं. दुसऱ्या बाजूने मात्र दूध ठिबकत होतं. दूध होतं, बाळाला ते ओढता येत नसावं, अशी मला शंका आली. पण निदान करणं डॉक्टरांचं काम.

"काकू, दुसरं मत घेणं हा रुग्णाचा हक्क आहे," मी म्हणाले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या रुग्णहक्क सनदेत तो लिहिलेला आहे, हेही सांगितलं. त्यांना ते काही पटेना. हक्क सांगायला जायचं म्हणजे भांडायला जायचं, असंच अनेकांना वाटतं. मग म्हटलं, "तुमच्या डॉक्टरांनाच विचारा ना. 'वजनाची काळजी वाटते, एकदा आणखी एका बालरोगतज्ज्ञांना दाखवू का? चिठ्ठी द्याल?' एवढंच." हे त्यांना जमण्यासारखं वाटलं. डॉक्टरांनी "अवश्य दाखवा" म्हणत चिठ्ठी दिली.

सोबत काय न्यायचं तेही ठरवलं. बाळ कधी, किती वेळ प्यालं आणि दिवसभरात किती लंगोट ओले झाले याची वही, आजवरच्या वजनांच्या नोंदी, आणि मोबाईलवर पाजतानाचा व्हिडिओ. दवाखान्यात रडणारं बाळ ऐनवेळी पीतच नाही, तेव्हा हा व्हिडिओ फार कामाला येतो.

दुसऱ्या डॉक्टरांनी जीभ उचलून पाहिली. जिभेखालची पट्टी आखूड होती, म्हणून बाळाला दूध नीट ओढता येत नव्हतं. मात्र सध्या जास्तीचं दूध द्यायलाच हवं, हे पहिल्या डॉक्टरांचं म्हणणं त्यांनाही मान्य होतं. फरक इतकाच, की आधी आईचंच काढलेलं दूध वाटी-चमच्याने द्यायचं, कमी पडलं तरच वरचं. आखूड पट्टी दिसली की कापलीच पाहिजे असं नसतं. इथेही आधी बाळाची स्तनावरची पकड सुधारून पाहिली, भागलं नाही म्हणून मग पट्टीला छोटीशी चीर दिली. दहा आठवड्यांची लस द्यायला ती जुन्या डॉक्टरांकडेच गेली, तेव्हा काटा चार किलोच्या वर होता. नव्या डॉक्टरांचा कागद त्यांनी फाईलला लावून घेतला.

दुसरं मत जरूर घ्या. पण पाच दवाखाने फिरू नका. दर वेळी वेगळा काटा, वेगळा सल्ला, आणि कुठलाच उपाय धड चार दिवस होत नाही.

आणि काही लक्षणं दिसली तर मतं गोळा करत बसायचंच नाही. बाळ उठवूनही पीत नाही, लघवी अगदी कमी होते, हिरवी उलटी होते, ताप आहे, श्वास जोरात चालतो किंवा पिताना घामाघूम होतं, तर रात्र असली तरी जवळच्या रुग्णालयात न्या. चिठ्ठी, वही, व्हिडिओ सगळं नंतर.