तुरट बोर्दोची पारख

प्रश्न : फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या पोयाकची पाच वर्षांची रेड वाइन फार तुरट लागली. तिचा दर्जा कसा ओळखावा?

उत्तर : तुरटपणा हा येथे दोष नव्हे. पोयाकमध्ये काबर्ने सोव्हिन्यों द्राक्षाचा वरचष्मा असतो आणि त्याच्या जाड सालीतले टॅनिन हे तुरट द्रव्य वाइन कोवळी असताना हिरड्या आवळून धरते. पाहायचे ते हे, की तो तुरटपणा बारीक पोताचा आहे की खरखरीत, त्याच्यामागे ब्लॅककरंट या काळ्या बेरीचा आणि नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा गंध जाणवतो का, आणि घोट गिळल्यावर चव किती वेळ रेंगाळते. माझ्या मते ही शेवटची कसोटी सर्वांत विश्वासार्ह आहे. वाइन दोन तास आधी डिकँटरमध्ये, म्हणजे रुंद बुडाच्या काचेच्या सुरईत, ओतून १६ ते १८ अंश सेल्सिअसला चाखावी. बोर्दोच्या नामांकित वाइन-उत्पादकांच्या १८५५च्या वर्गवारीतले नाव लेबलावर असले, तरी परीक्षण ग्लासातल्या वाइनचेच करावे.