राष्ट्रीय पातळीच्या खेळाडूला आणि तिच्या प्रशिक्षकाला सरकारकडून काय मिळतं?

तुमची मुलगी खो-खोची ज्युनिअर राष्ट्रीय स्पर्धा खेळून आली आणि आता तिला व तिच्या सरांना सरकारकडून काय मिळेल, असं तुम्ही विचारलंय. आधी मुलीचं सांगतो. दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, स्पर्धेच्या पातळीप्रमाणे, जास्तीत जास्त २५. पुढे सरकारी भरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा आहेत. १ जुलै २०१६ चा शासन निर्णय काढून स्वतः वाचा. त्या जागांसाठी नुसत्या सहभागाच्या प्रमाणपत्रावर विसंबू नका, पहिल्या तिघांत यावं लागतं. केंद्राच्या खेलो इंडिया योजनेत निवड झाली तर खर्चासाठी दरमहा १०,००० रुपये.

सरांना काय मिळेल? बहुतेक वेळा शाल आणि नारळ. तेही नाव पुकारलं तर.

सोलापूरच्या पूर्व भागात मी संध्याकाळी मुलींना खो-खो शिकवतो. दिवसा यंत्रमागाच्या कारखान्यात असतो. येणाऱ्या बहुतेक मुलींच्या आया विड्या वळतात. घरी तेलुगू, शाळेत मराठी, मैदानावर दोन्ही. त्यातली एक पाचवीत असताना आली. तिची आई म्हणाली, "सर, घरी पानं कापायला हात लागतात, अंधार पडायच्या आत सोडा." त्या पोरीला खांबावर वेग न मोडता वळायला मी शिकवलं. सूर मारताना हनुवटी वर ठेवायला शिकवलं. गुडघे फुटले की पट्टी बांधायचो आणि दुसऱ्या दिवशी येते की नाही म्हणून वाट बघायचो. ती यायचीच. आमच्या मैदानावर खडे इतके, की सरावाआधी सगळ्या मुली ओळीने बसून ते वेचायच्या. मॅट तिने पहिल्यांदा राज्याच्या शिबिरातच पाहिली.

पुढे ती राज्याच्या संघात गेली आणि राष्ट्रीय स्पर्धेत संघाला सुवर्ण मिळालं. त्या रात्री आमच्या गल्लीत हलग्या वाजल्या. मग कागदपत्रं सुरू झाली. तिच्या फॉर्मवर 'मार्गदर्शकाचं नाव' या रकान्यात एका पदाधिकाऱ्यांनी शिबिराच्या प्रशिक्षकांचं नाव घातलं. मी विचारायला गेलो तर चार लोकांत म्हणाले, "तुमच्याकडे एनआयएस आहे का? शिट्टी वाजवली म्हणून कोणी प्रशिक्षक होत नाही." एनआयएस म्हणजे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचं प्रशिक्षकाचं शिक्षण. पुढे जिल्ह्याच्या गुणवंत क्रीडा मार्गदर्शक पुरस्कारासाठी मी अर्ज केला. रक्कम १०,००० रुपये आणि स्मृतिचिन्ह. मला पैशाचं नव्हतं, घरी दाखवायला सरकारी कागद हवा होता. फाइल परत आली, कारण माझ्या खेळाडूच्या नोंदीत मार्गदर्शक म्हणून दुसऱ्याचं नाव होतं.

तिनेच मार्ग काढला. तिच्या शाळेच्या बाईंकडून लेटरहेडवर लिहून आणलं, की ही मुलगी पाचवीपासून अमुक सरांकडे शिकते. आपल्या हाताने अर्ज लिहून त्याला ते पत्र जोडलं. नोंद दुरुस्त झाली. आज ती ५ टक्क्यांतून नोकरीला लागली आहे आणि सुट्टीच्या दिवशी येऊन लहान मुलींना खो द्यायला शिकवते.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे, की या सगळ्या योजना पदकापासून सुरू होतात आणि शेवटी खेळाडूच्या शेजारी जो उभा असेल तोच त्यांना दिसतो. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, भारताचे दोन्ही संघ जिंकले. आपल्या वेळापूरचा रामजी कश्यप त्या संघात होता. जिल्ह्याला केवढा आनंद! राज्य सरकारने महाराष्ट्राच्या खेळाडूंना प्रत्येकी सव्वादोन कोटी दिले आणि मार्गदर्शकांना २२ लाख ५० हजार. खेळाडूंना मिळालं ते योग्यच, आणखी मिळावं. पण रकमेतला थोडा वाटा मुलीला पहिल्यांदा मैदानावर आणणाऱ्याच्या नावाने का बाजूला काढत नाहीत? केंद्राच्या रोख पुरस्कारात खेळाडूच्या रकमेच्या निम्मी रक्कम प्रशिक्षकांसाठी असते, म्हणजे हिशेब करता येतो. ज्यांनी मला शिट्टीवरून बोलून दाखवलं त्यांनी याचं उत्तर द्यावं.

शिबिराच्या प्रशिक्षकांवर माझा राग नाही, हे सांगायला हवं. त्यांनी संघ चांगला बांधला. एनआयएसही निरुपयोगी नाही. सरकारी प्रशिक्षकाच्या जागेसाठी बहुतेक वेळा तिथला डिप्लोमा मागतात, आणि नुसता सहा आठवड्यांचा अभ्यासक्रम करणाऱ्यालाही शास्त्र कळतं. तुमच्या सरांना जमत असेल तर करू द्या.

तुम्ही आता एवढं करा. सोलापुरात कुमठा नाक्यावरच्या जिल्हा क्रीडा संकुलात जाऊन चौकशी करा, नियम बदलत असतात. प्रमाणपत्राची पडताळणी पुण्याच्या विभागीय उपसंचालकांकडून आत्ताच करून घ्या. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाल्यापासून तपासणी कडक आहे आणि भरतीच्या अर्जाच्या शेवटच्या तारखेपर्यंत पडताळणीचा दाखला हातात असावा लागतो. आणि पुढचा कुठलाही फॉर्म मुलीकडूनच भरून घ्या. मार्गदर्शकाच्या रकान्यात तिच्या पहिल्या सरांचं नाव पूर्ण लिहायला सांगा, शाळेचं पत्र जोडा, झेरॉक्स सरांकडे द्या.