उरलेले पौंड आणि हरवलेलं बिल

नाशिकच्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्न आहे. पती-पत्नी मुलीकडे लंडनला जाऊन आले, त्याला अकरा महिने झाले. कपाटातल्या एका पाकिटात दोघांचे मिळून २,१०० पौंड उरलेत, शिवाय डबाभर नाणी आणि त्याआधीच्या फेरीतल्या वीस पौंडांच्या काही कागदी नोटा. पौंड घेतल्याचं बिल कुठेतरी टाकलं. मनीचेंजर म्हणाला, सहा महिने उलटले, आता घेता येणार नाही. भाचा पुढच्या महिन्यात तिकडे जातोय, तो रुपये देऊन घ्यायला तयार आहे. आता ईडीची नोटीस येईल का, या धास्तीने त्यांची झोप उडाली आहे.

ताई, भाच्याला एकही नोट देऊ नका, विकतही नको आणि भेट म्हणूनही नको. फेमा म्हणजे परकीय चलनाचा कायदा. त्याच्या कलम ३ नुसार परकीय चलन अधिकृत व्यक्तीखेरीज, म्हणजे परवानाधारक बँक किंवा मनीचेंजरखेरीज, कुणाला देता येत नाही. नात्याने त्यात काही फरक पडत नाही. आत्तापर्यंत तुमच्या हातून फार तर उशीर झाला असेल, पण हा व्यवहार केलात तर सरळ उल्लंघन होईल.

आता मुख्य मुद्दा. उरलेलं चलन परतल्यापासून १८० दिवसांत जमा करायचं, हा नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण रिझर्व्ह बँकेची २०१५ची दुसरी नियमावली कुणी उघडत नाही. प्रवासासाठी अधिकृतपणे घेतलेल्या चलनातून उरलेल्या नोटा २,००० डॉलरच्या मोलापर्यंत स्वतःजवळ ठेवता येतात, पुढच्या प्रवासासाठीसुद्धा. ही मर्यादा माणशी आहे. तुमचे २,१०० पौंड एकाच माणसाचे धरले तर रक्कम २,६०० डॉलरच्या वर जाते आणि वरच्या भागापुरता उशीर झाला, असं म्हणावं लागतं. दोघांचे निम्मे-निम्मे असतील तर दोघंही मर्यादेत बसता आणि प्रश्नच उरत नाही.

म्हणून सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं: पौंड घेतले कुणाच्या नावावर? आणि नेमकं तेच बिल तुम्ही 'कुठेतरी टाकलं'. किराणा दुकानाची पावती जपणारी माणसं फॉरेक्सचं बिल का फेकतात, हे मला खरंच कळत नाही. पौंड ज्याच्याकडून घेतले, त्या मनीचेंजरकडून आजच प्रत मागा. त्याला नोंदी ठेवाव्या लागतात. पैसे खात्यातून गेले असतील तर पासबुकातली नोंदही चालेल. दोघांच्या पासपोर्टवर वेगवेगळी खरेदी निघाली की काम सोपं झालं. मुलीने तिथे हातात काही पौंड ठेवले असतील तर तेही याच २,००० मध्ये मोजायचे.

एकाच नावावर निघाले तरी तुरुंगाचा प्रश्न येत नाही. फेमाच्या कलम १३ चा दंड गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो, पण एवढ्याशा उशिरासाठी कुणी तिथवर जाईल असं मला वाटत नाही. खात्री मात्र कुठलाच वकील देणार नाही. यावर उपाय एकच, जास्तीच्या नोटा या आठवड्यात जमा करा. मुदत उलटली एवढ्याच कारणावरून चलन नाकारू नये, अशी रिझर्व्ह बँकेची अधिकृत विक्रेत्यांना स्पष्ट सूचना आहे. तुमच्या मनीचेंजरने ती वाचलेली दिसत नाही. त्याला ती दाखवा, तरी ऐकत नसेल तर तुमच्या बँकेची परकीय चलन हाताळणारी शाखा गाठा. पासपोर्ट आणि पॅन न्या. रोख रुपये १,००० डॉलरच्या मोलापर्यंतच मिळतात, त्यावरची रक्कम खात्यात घ्या. आणि एन्कॅशमेंट सर्टिफिकेट, म्हणजे चलन विकल्याचा दाखला, मागून घ्या. मागितलं की ते देतात. ते तरी या वेळी फाइलला लावा.

नाण्यांची काळजी सोडा. कितीही ठेवली तरी कायद्याची हरकत नाही. इथले मनीचेंजर ती सहसा घेत नाहीत, मुलीकडे जाल तेव्हा डबा घेऊन जा. त्यात जुनी गोल एक पौंडाची नाणी असतील तर ती ऑक्टोबर २०१७ पासून दुकानात चालत नाहीत, मुलीला तिच्या बँकेत विचारू द्या. वीस पौंडांच्या कागदी नोटाही ३० सप्टेंबर २०२२ नंतर चलनात नाहीत, पण बँक ऑफ इंग्लंड त्या केव्हाही बदलून देते, त्याला मुदत नाही. पुढच्या फेरीत त्या सोबत न्या. मात्र २,००० डॉलरचा हिशेब करताना मी या नोटाही धरेन. वाद नको.