आळीतला आवाज का कापलास?

पुणे

प्रिय बाळ,

तांबट आळीवरचं तुझं टीव्हीचं पॅकेज, म्हणजे तयार बातमीपट, काल पाहिलं आणि आज सकाळी रशेस, म्हणजे न कापलेलं मूळ चित्रीकरण, मागवून घेतले. खरी स्टोरी त्या रशेसमध्ये पडून आहे.

सतराव्या मिनिटाला एक कारागीर हंड्यावर मठारकाम करतोय, म्हणजे हातोडीने पत्रा ठोकतोय. ठोका, हंडा किंचित फिरतो, पुन्हा ठोका. मध्येच तो थांबतो, पत्र्यावरून अंगठा फिरवतो, मान हलवतो आणि तीच ओळ परत ठोकायला घेतो. जवळजवळ चाळीस सेकंद! कॅमेरामनने तेवढा वेळ कॅमेरा हलू दिला नाही, त्याला माझ्यातर्फे चहा पाज. यातले तू तीन सेकंद घेतलेस, त्यावर सतार चढवलीस आणि व्हीओत, म्हणजे चित्रांवरच्या निवेदनात, म्हणालीस, "कसबा पेठेतल्या या आळीत कारागीर तांब्याची भांडी घडवतात."

अगं, ते दिसतंयच. व्हीओत दिसत नाही ते सांगायचं. हे ठोके नुसत्या नक्षीसाठी नसतात. ठोकून ठोकून तांब्याचा मऊ पत्रा कडक होतो, भांड्याला बळकटी येते. एवढं एक वाक्य त्या अंगठ्यावर टाकलंस, की तो अंगठा काय तपासतोय ते घरबसल्या माणसाला कळेल. आणि ते वाक्य येण्याआधी चार-पाच सेकंद फक्त ठोके ऐकू देत. आळीत शिरणाऱ्याला आधी आवाज भेटतो, भांडी नंतर दिसतात. तुझ्या पॅकेजमध्ये तो आवाज कुठेच नाही.

बाईटचंही, म्हणजे कारागिराच्या कॅमेऱ्यासमोरच्या बोलण्याचंही, तेच. तू त्यांना काम थांबवायला लावलंस, खुर्चीत बसवलंस आणि "आता पूर्वीसारखा धंदा राहिला नाही" हे वाक्य घेऊन आलीस. ते तर कोणीही बोलेल. हात चालू असताना विचारायचं होतंस, "ही ओळ परत का ठोकलीत?" ठोक्यांत शब्द बुडतील अशी भीती असेल तर लेपल, म्हणजे कपड्याला लावायचा छोटा माइक, लाव आणि हातोडी खाली आली की विचार. माहिती तुझ्या व्हीओत बसते. बाईट त्यांनाच सांगता येईल अशा गोष्टीसाठी राखून ठेव.

माझी एक चूक सांगतो, अजून सलते. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, त्याच्या स्मरणदिनासाठी मी नदीकाठच्या पेठेत एका आजींकडे गेलो होतो. पाणी कुठवर आलं होतं, विचारलं. त्यांनी भिंतीवर हात टेकला आणि गप्प राहिल्या. मला ती शांतता झेपली नाही. लगेच पुढचा प्रश्न टाकला, "मदत मिळाली का?" हात खाली आला. एडिटला बसलो तेव्हा त्या हाताचा शॉट दीड सेकंदाचा निघाला. सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे जेमतेम ३७. ताणून ताणून किती ताणणार? त्यानंतर प्रश्न विचारला की मी मनात पाचपर्यंत मोजतो. तूही मोज.

पीटीसी, म्हणजे तू कॅमेऱ्याकडे बघून बोलतेस तो भाग, काढून टाक, तिथे त्याची गरज नाही.

शुक्रवारी दुपारी मोकळा आहे, टाइमलाइन उघडून बसू. येताना संगीताचा ट्रॅक बंद करून, नुसत्या ठोक्यांवर एकदा सगळं ऐकून ये.

तुझे,
सर