सेलच्या दारावरचा स्विच

रोबोटच्या प्रोजेक्टवर पहिल्यांदाच जातो आहेस, म्हणून आधीच सांगतो. प्रोग्रामिंग तू शिकशीलच. पण सेलच्या, म्हणजे रोबोटभोवतीच्या कुंपणातल्या जागेच्या, दारावरच्या सेफ्टी स्विचकडे पहिल्या दिवसापासून लक्ष दे. दार उघडलं की रोबोट थांबलाच पाहिजे. दाराला बसवलेली चावी स्विचमध्ये गेली की दार बंद आहे असं तो धरतो. शॉपफ्लोअरवर मात्र अनेकदा तशीच सुटी चावी त्या स्विचमध्ये खुपसून वर चिकटपट्टी मारलेली दिसते. दार सताड उघडं, आणि कंट्रोलरला वाटतं बंद आहे.

अशा वेळी ऑपरेटरला बोल लावू नकोस. पार्ट अडकतो, दर वेळी पुन्हा सुरू करण्यात वेळ जातो, वर टार्गेटचा तगादा. पार्ट का अडकतो ते शोध, कारण ते डिझाइन आपलं आहे. पार्ट पकडून ठेवणारं फिक्स्चर सुधार, रीस्टार्ट सोपा कर आणि फक्त आपल्याच चावीचा कोड ओळखणारा (युनिक कोडेड) स्विच लाव, म्हणजे दुसरी चावी चालणारच नाही.

२५ जानेवारी १९७९ रोजी अमेरिकेत मिशिगनमधल्या फोर्डच्या कास्टिंग कारखान्यात एक २५ वर्षांचा कामगार पार्ट काढायला रॅकवर चढला आणि रोबोटच्या फटक्याने जागीच गेला. १९८३मध्ये ज्युरीने त्याच्या कुटुंबाला एक कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, तेही रोबोट बनवणाऱ्या कंपनीला. मला ते योग्यच वाटतं.

‘स्विचचं नंतर बघू, आज लाइन चालू करा’ असं कोणी म्हणालं, तर हँडओव्हरच्या कागदावर सही करू नकोस. कारण मेलवर लिहून कळव आणि लगेच मला फोन कर. साहेबांशी मी बोलेन.