जुन्या ॲम्बेसेडरमध्ये स्पेसर, म्हणजे इंजिनाची उष्णता कार्बोरेटरपर्यंत पोचू नये म्हणून घालायचा जाड तुकडा, मॅनिफोल्डच्या मागे बसवावा की कार्बोरेटरखाली, आणि स्टड (नट बसवायचे आटेदार दांडे) तेच चालतील का?

मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल आत नेणारा इनटेक किंवा धूर बाहेर काढणारा एक्झॉस्ट नळ) आणि हेड (इंजिनाचा वरचा भाग) यांच्यामध्ये मुळीच बसवू नये. आपली गाडी १९७२ ची मार्क टू आहे, म्हणजे इंजिन बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बनावटीचे, १४८९ सीसीचे. त्यात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला असून मधल्या स्टडांवरचे जाड वॉशर दोन्ही मॅनिफोल्डांच्या कडा एकदमच दाबून धरतात. एकट्या इनटेकमागे तुकडा सरकवला की वॉशर तिरपा होतो आणि एक्झॉस्टची कड सुटते. स्पेसर कार्बोरेटरखालीच हवा, आणि तो हायलमचा, म्हणजे राळेत दाबून केलेल्या कडक, उष्णतारोधक पत्र्याचा हवा.

ॲल्युमिनियमचा पर्याय आपण विचारला आहे, म्हणून हे लिहायला बसलो. आमचे थोरले मेहुणे जन्मभर कारखान्यात मशीनवर होते. हायलम म्हणजे पुठ्ठा, इंजिनावर धातूच टिकतो, असे सांगून त्यांनी माझ्या गाडीसाठी १२ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचा सुरेख ठोकळा करून आणला आणि इंदूरच्या आमच्या अंगणात स्वतःच्या हाताने बसवला. मे महिन्यात आईला ओंकारेश्वरचे दर्शन घडवून परतताना भेरूघाट चढून सिमरोलपाशी चहाला थांबलो, आणि गाडी पुन्हा सुरू होईना. बॉनेट उघडताच पेट्रोलचा भपकारा आला. इंजिन चालू असते तोवर आत येणारे ताजे पेट्रोल आणि वारा कार्बोरेटरला थंड ठेवतात. बंद केल्यावर मात्र खालच्या एक्झॉस्टची सगळी उष्णता वर चढते, फ्लोटमधले (कार्बोरेटरच्या वाटीतले) पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये सांडते. ॲल्युमिनियम ती उष्णता अडवत नाही, वर पोचवते. अशा वेळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि स्टार्टर मारायचा, म्हणजे हवा जास्त जाऊन साचलेले पेट्रोल निघून जाते. मेहुणे मात्र पेडल पंपासारखे हाणत राहिले आणि प्रत्येक वेळी आत आणखी पेट्रोल ओतत राहिले. आई पाऊण तास मागच्या सीटवर पदराने वारा घेत बसली होती. दोष पेट्रोल पंपाचा होता, असे मेहुणे आजही सांगतात.

घरी येऊन खोलले तेव्हा कार्बोरेटरचा एक नट बोटांनीच फिरला. त्याखाली जेमतेम तीन आटे पकडलेले होते, कारण स्टड जुनेच ठेवले होते. तेव्हा आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर असे, की जुने स्टड चालणार नाहीत. स्पेसर, त्याच्या वर आणि खाली एकेक गॅस्केट, कार्बोरेटरची कड आणि वॉशर एवढे धरून नटाबाहेर दोनेक आटे दिसतील इतक्या लांबीचे स्टड घ्यावेत. ते ५/१६ इंची, यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे, इंचाला २४ आटे असलेले हवेत. इंदूरच्या सियागंज बाजारात विचारल्यावर दुकानदार एम ८ चा, म्हणजे ८ मिलिमीटर मापाचा नट पुढे करील. तो एकदोन फेरे जातो आणि अडकतो, आणि तिथे पाना लावून जोर केला की स्टड कामातून गेला. जुना स्टड काढताना त्यावर दोन नट एकमेकांवर आवळावेत आणि खालचा नट फिरवावा.

नट आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. घट्ट म्हणजे चांगले, हाही मेहुण्यांचाच सिद्धांत आहे. पण कार्बोरेटरची कड मऊ धातूची असते, ती वाकली की हवा ओढली जाते आणि आयडलिंग वरखाली होते. हायलमची दोन्ही अंगे काचेवर पॉलिश पेपर ठेवून सपाट करावीत, आणि एकदोनदा गाडी गरम होऊन थंड झाल्यावर नट पुन्हा तपासावेत.

जाडीबद्दल एवढेच, की मी ८ मिलिमीटरचा बसवला आहे आणि तो मला पुरतो. मात्र कार्बोरेटर वर उचलला गेल्याने ॲक्सिलरेटरची दांडी ताणली जाते. इंजिन बंद ठेवून, कोणाला तरी पेडल दाबायला सांगून, थ्रॉटल पूर्ण उघडून पूर्ण मिटतो की नाही आणि एअर क्लीनर बॉनेटला घासत नाही ना, हे रस्त्यावर गाडी काढण्यापूर्वीच पाहून घ्यावे.